बर्फावरच्या फळ्या

आमच्या आगाशीला बर्फ पडत नाही, हे वाचकांस सांगावयास नकोच. पौषात पहाटे केळीच्या पानांवरून दव टपटपू लागले की आमच्याकडे थंडी पडली असे समजतात, आणि विरारहून पहिली गाडी गाठणारी मंडळी कानांस मफलर गुंडाळतात. उंच म्हणावा तर पूर्वेकडचा तुंगारेश्वर. तोही साडेसहाशे मीटरच्या आसपास. अशा गावातील एका जुन्या घराच्या ओटीवर गेले सहा महिने स्की या वस्तूखेरीज दुसरा विषय निघाला नाही, असे सांगितले तर कोणास खरे वाटावयाचे नाही. पण झाले ते असे.

आमच्या थोरल्या बंधूंची कन्या मुंबईस एका बँकेत नोकरी करते. कॉलेजात असताना ती गुलमर्गच्या सरकारी संस्थेत चौदा दिवसांचा स्कीचा वर्ग करून आली, आणि तेव्हापासून गेली नऊ वर्षे रजेचा प्रत्येक दिवस तिने माघ महिन्यासाठी राखून ठेवला आहे. लग्नकार्यांस ती येत नाही, गणपतीस अर्ध्या दिवसाची रजा घेते. माघात मात्र बारा दिवस काश्मीर. प्रथम आम्ही हे खूळ समजत होतो. पण नऊ वर्षे टिकते त्यास खूळ म्हणणे योग्य नव्हे, हे हळूहळू आमच्या ध्यानात आले.

गेल्या माघातून परतली ती एक निश्चय करूनच. भाड्याच्या स्कींवर आता पुन्हा उतरावयाचे नाही. स्वतःच्या घ्यावयाच्या, आणि त्याही खोल, ताज्या बर्फासाठी खास घडविलेल्या, रुंद. हिशेब लाखाच्या घरात गेला. निम्मे पैसे तिच्यापाशी होते, निम्मे तिने वडिलांकडे उसने मागितले. बंधूंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि ते वाडीत पाणी पाहावयास निघून गेले. वहिनी आमच्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही शास्त्राचे मास्तर. एवढे पैसे फळ्यांत घालण्यात काही अर्थ आहे का, ते तुम्हीच एकदा पाहा." याप्रमाणे ज्या माणसाने आयुष्यात बर्फ पाहिला तो केवळ उसाच्या रसाच्या दुकानात, त्याच्यावर या विषयाचा निवाडा देण्याची पाळी आली.

आमची समजूत अशी होती की, स्की घेणे म्हणजे छत्री घेण्यासारखे असावे : टिकाऊ पाहावी, पैसे द्यावे, मोकळे व्हावे. पुतणीने आमचा हा भ्रम पहिल्याच संध्याकाळी दूर केला. गुलमर्गच्या पाळण्याचा पहिला टप्पा १९९८ साली सुरू झाला आणि दुसरा २००५ साली. हा दुसरा टप्पा माणसास अफरवटच्या खांद्यावर सुमारे ३,९८० मीटर उंचीपर्यंत नेऊन सोडतो. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या साठ टक्क्यांच्या जवळपास असतो. भूमध्य समुद्राकडून येणारी हिवाळी वादळे तेथे कोरडा, हलका बर्फ टाकतात. ताजा असताना त्याचे वजन तेवढ्याच पाण्याच्या दशांशाहूनही कमी भरते. या पिठासारख्या बर्फास तिची मंडळी पावडर म्हणतात. हिंडणारे लोक देशोदेशींहून याच पिठासाठी तेथे येतात. ठोकून गुळगुळीत केलेल्या उतारावर जी स्की उत्तम, ती या पिठात सुरीसारखी आत जाते.

गेल्या माघात तसेच झाले होते. पाळण्याच्या वरच्या ठाण्यापासून काही अंतरावर कमरेइतक्या बर्फात तिची भाड्याची अरुंद स्की आत घुसली, ती पडली, आणि पायातून सुटलेली एक स्की बर्फाखाली कोठे गेली ते कळेना. तासभर उकरून शोधले. शेवटी उरलेल्या एका स्कीवर, दर पावलास मांडीपर्यंत रुतत, ती अंधार पडता पडता खाली पोहोचली. हे सांगताना ती हसत होती. वहिनी हसत नव्हत्या.

आम्ही पाटी घेतली. (सवय जात नाही.) मुलीचे वजन ५८ किलो, अंगावरचे व पाठीवरचे सामान १० किलो धरू, एकूण ६८. नुसत्या बुटांनी उभी राहिली तर दोन्ही तळव्यांचे क्षेत्रफळ सुमारे ६०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर ११३ ग्रॅम भार. १६० सेंटिमीटर लांब व ७ सेंटिमीटर रुंद अशा स्कींच्या जोडीवर तोच भार ३० ग्रॅमवर येतो. १७२ सेंटिमीटर लांब व ११ सेंटिमीटर रुंद जोडी घेतली तर १८. आकडे ढोबळ आहेत, पण अरुंद स्की बुडते का आणि रुंद तरंगते का, हे एवढ्यावरून स्पष्ट होते. बंधूंनी पाटी पाहिली व म्हणाले, "मग दोन हात रुंदच घ्या की!" त्यांचा उपहास होता, परंतु प्रश्न अगदी बरोबर होता, आणि त्याचे उत्तर शोधण्यात आमचा उन्हाळा गेला.

स्की ही वस्तू आम्हांस वाटली त्याहून पुष्कळच गुंतागुंतीची निघाली. आत हलक्या लाकडाचा गाभा, त्यावर-खाली काचतंतूंचे थर, बुडाशी घसरणाऱ्या प्लास्टिकचा तळ आणि दोन्ही बाजूंस पोलादी कड. जुन्या पद्धतीची स्की जमिनीवर ठेवली तर मध्ये कमानीसारखी उचललेली असते. माणूस उभा राहिला की कमान दबते व कडा साऱ्या लांबीभर बर्फ पकडतात. कठीण उतारावर हाच गुण लागतो. गुलमर्गकडचा आरिफ खान २०२२ च्या बीजिंग येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकटाच खेळाडू म्हणून उतरला. त्याच्या शर्यतीच्या स्की याच अरुंद जातीच्या. पिठात मात्र ही कमान उलटी पडते, कारण टोक खाली दबून आत शिरते. म्हणून खोल बर्फाच्या स्कीचे टोक, आणि काहींचे शेपूटही, पुष्कळ अलीकडूनच वर वळू लागते. त्यास रॉकर म्हणतात. पुतणीने चित्र दाखविले तेव्हा बंधू म्हणाले, "ही तर आपली राजेळी!" आणि खरोखरच, सुकेळ्यांसाठी निवडावी तशी लांब, बाकदार राजेळी केळीच ती. आम्हांस मात्र अर्नाळ्याच्या होड्यांची नाळ आठवली. लाट फोडून आत न शिरता लाटेवर चढावे म्हणून जी नाळ वर उचललेली असते, तिचे आणि या टोकाचे काम एकच आहे.

ही तुलना आमची एकट्याची नव्हे, हे मागाहून कळले तेव्हा मास्तरकीचा थोडा अभिमान वाटला. शेन मॅकॉन्की नावाच्या स्कीपटूने असाच विचार केला की, खोल बर्फ हा पाण्याचा भाऊ. मग पाण्यावर ओढल्या जाणाऱ्या स्की बर्फावर का चालू नयेत? त्याने त्या अलास्काच्या डोंगरांवर नेऊन चालवून पाहिल्या. त्यातून २००२ साली व्होलान्ट कंपनीची 'स्पॅच्युला' नावाची स्की निघाली : टोक व शेपूट दोन्ही वर, आणि मध्यभागी रुंद होऊन दोन्हींकडे निमुळती, म्हणजे तोवरच्या सर्व स्कींच्या नेमकी उलट. प्रथम लोक हसले. आज खोल बर्फाची बहुतेक प्रत्येक स्की तिचे थोडेफार देणे लागते. मॅकॉन्की स्वतः २००९ च्या मार्चमध्ये इटलीच्या डोलोमाइट पर्वतात स्कीसह कड्यावरून हवाई छत्रीची उडी घेताना गेला. स्की वेळेवर पायातून सुटली नाही. ही हकीकत आम्ही वहिनींस सांगितली नाही.

ज्येष्ठात एका रविवारी पुतणीने ओटीवर रांगोळीने तीन आकृती काढल्या, पूर्ण मापाच्या. पहिली मध्याशी ९८ मिलिमीटर, दुसरी १०८, तिसरी ११८. तिचे मन तिसरीवर होते हे सांगावयास ज्योतिषी नको होता. आम्ही तिला एकच प्रश्न विचारला : बारा दिवसांत ताजा, खोल बर्फ किती दिवस मिळतो? ती मोजू लागली. चांगल्या वर्षी चार, कधी पाच. २०२४ च्या जानेवारीत तर गुलमर्गची कुरणे बराच काळ उघडी पडली होती; बर्फ आला तो महिनाअखेरीस. उरलेल्या दिवसांत वाऱ्याने घट्ट केलेला पापुद्रा, इतरांनी तुडविलेले गठ्ठे, आणि परतीच्या वाटेवरचा कठीण, चकचकीत बर्फ. रुंद स्कीची कड पायाच्या मध्यरेषेपासून दूर पडते. ती कठीण बर्फात रोवावयाची तर गुडघ्यावर तितका अधिक पीळ येतो, आणि एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर येण्यास वेळही अधिक लागतो. शिवाय वरच्या ठाण्यापासून कण्यापर्यंत चढावयाचे तर वजन तिच्याच खांद्यावर. तिसरी आकृती तिने स्वतःच पायाने पुसली. पुसताना चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

बाजूची वक्रता हा आणखी एक मुद्दा. ज्या वर्तुळाचा तुकडा कापून स्कीच्या बाजू केल्या असतील त्याची त्रिज्या लहान असेल, तेरा-चौदा मीटर, तर स्की झटपट वळते; पण डोंगराच्या मोकळ्या, मोठ्या उतारावर वेगात असताना तीच स्की मनात नसता वळू पाहते. तेथे वीस मीटरच्या आसपासची बरी. ताठपणाचेही तसेच : ताठ स्की गठ्ठ्यांवरून डळमळत नाही, परंतु ५८ किलोच्या मुलीने शंभर किलोच्या पुरुषासाठी घडविलेली ताठ स्की घेतली तर ती वाकावयाचीच नाही, आणि जी वाकत नाही ती वळत नाही. दुकानदारांच्या जाहिरातींत 'तज्ज्ञांसाठी' असे शब्द असतात. तज्ज्ञ किती किलोचा, हे कोणी लिहीत नाही.

आता आमच्या फजितीची गोष्ट. पाटीवरचे गणित पटत असले तरी पायाखाली पाहिल्याशिवाय मास्तरास चैन पडत नाही. आगाशीच्या उत्तरेस वैतरणेची खाडी आहे. ओहोटीस तिवरांपलीकडे गाळाचा विस्तीर्ण पट्टा उघडा पडतो. गोठ्यातील जुन्या फळ्या घेऊन आम्ही दोघे तेथे गेलो. चार बोटे रुंद फळीवर उभे राहिलो तो घोट्यापर्यंत आत. वीतभर रुंद फळीवर उभे राहिलो तो जेमतेम ठसा उमटला. आनंद अनावर झाला. एका फळीवर उभे राहावे, मागची उचलून पुढे टाकावी, असे करीत आम्ही बांधापासून साठ-सत्तर पावले आत गेलो. पासष्ट वर्षांत ज्या गाळात पाऊल घातले नव्हते त्यावर आम्ही धोतर खोचून, जणू ओटीवरच, उभे होतो. पुतणी बांधावरून काही ओरडत होती. आम्हांस वाटले, ती कौतुक करते आहे.

भरती लागली होती. पाणी समोरून येत नाही, ते बाजूच्या खाचांतून मागे येते, हे खाडीकाठच्या लहान पोरासही ठाऊक असते. आम्हांसही ठाऊक होते. मागची फळी उचलावयास वळलो तो ती तरंगत दूर गेलेली. पायाखालचीही हलू लागली. एका फळीवर उभ्या असलेल्या मनुष्यास परतण्याचा मार्ग नसतो, ही साधी गोष्ट आमच्या पाटीवर कोठेच नव्हती. जवळून जाणाऱ्या होडीतील एका नाखव्याने दोर फेकला. "मास्तर, इथे कशापायी आलात?" एवढेच तो म्हणाला. चष्मा, एक वहाण आणि दोन्ही फळ्या वैतरणेस अर्पण झाल्या. घरी कुटुंबाने जे उद्गार काढले ते मासिकात छापण्याजोगे नाहीत.

त्या रात्री जेवणे झाल्यावर पुतणी बराच वेळ गप्प बसली होती. मग हलकेच म्हणाली, "काका, एक गोष्ट मी घरी सांगितलेली नाही."

अरुंद स्की हरवली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने मैत्रिणीची रुंद जोडी मागून घेतली होती. आदल्या दिवशी ज्या बर्फाने मांडीपर्यंत गिळले, तोच बर्फ आता तिला वर उचलून नेत होता. असे सुख आपण जन्मात अनुभवले नव्हते, असे ती म्हणाली. त्या भरात गस्तीच्या माणसांनी तपासलेला मुख्य उतार सोडून त्या दोघी बाजूच्या घळीत शिरल्या. तिसऱ्या वळणास तिच्या स्कींच्या टोकांपासून, काच तडकावी तशी, एक रेघ बर्फावरून धावत गेली आणि आमच्या अंगणाएवढा तुकडा खाली सरकला. ती त्याच्या वरच्या काठावर होती म्हणून राहिली. मैत्रीण शंभर पावले बाजूस होती म्हणून राहिली. बर्फाखाली गाडलेल्यास हुडकण्याचे संदेशयंत्र मैत्रिणीपाशी नव्हतेच. हिचे हॉटेलातील पिशवीत होते.

"अरुंद स्कीवर मी तिथे गेलेच नसते, काका. जाताच आलं नसतं."

आम्ही काही बोललो नाही. सायंकाळचा गाळ अजून आमच्या नखांत होता.

यानंतर आमच्या अभ्यासाची दिशा बदलली. बर्फ एकजीव नसतो. प्रत्येक वादळाचा थर निराळा, आणि मधला एखादा थर साखरेसारखा सुटा झाला की वरचा सारा गठ्ठा त्यावर नुसता ठेवल्यासारखा राहतो. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर हे गठ्ठे सर्वांत अधिक सुटतात, आणि उत्तम स्कीपटूंस हवे असतात ते उतारही नेमके तेच. ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळ खिलनमर्ग येथे सैन्याच्या पर्वतयुद्धशाळेचे १७ जवान हिमप्रपातात गेले. शिकाऊ असले तरी ते सैनिक होते, सहलीस आलेले नव्हते. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटवर पोलंडचे दोन स्कीपटू गेले, आणि २२ फेब्रुवारी २०२४ रोजी एक रशियन. गाडलेल्यास पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर बहुधा तो वाचतो; अर्ध्या तासानंतर आशा फार थोडी उरते. गावाहून मदत येईपर्यंत तेवढा वेळ केव्हाच निघून जातो. वाचवावयाचे ते बरोबरच्या माणसाने, त्याच्या हातात यंत्र, लांब सळई आणि फावडे असेल तरच.

हे सारे तिने वहिनींस सांगावे, अशी आमची अट होती. तिने सांगितले. वहिनी उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना त्या म्हणाल्या, "जाऊ नको म्हटलं तर तू जाणार. मग नीट काय ते घे."

बंधूंनी पैसे दिले, परंतु वाटणी बदलली. स्की मधल्याच घेतल्या : मध्याशी १०८ मिलिमीटर, लांबी १७२ सेंटिमीटर, टोक चांगले उचललेले, शेपूट किंचित, पायाखाली कमान शाबूत, ताठपणा मध्यम. म्युनिकला असलेल्या आमच्या भाच्याने गेल्या मोसमातील शिल्लक जोडी निम्म्याच्या आसपास किमतीत मिळविली. स्कीवरील चित्र जुने झाले, एवढाच तिचा दोष. बूट तिच्यापाशी होते आणि ते बदलावयाचे नाहीत, हे तिने आधीच सांगितले होते, कारण पायास बसलेला बूट स्कीहूनही दुर्मिळ असतो. पाय अडकविण्याची बंधने कितीशा जोरास सुटावीत हे वजन, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य पाहून जाणत्या माणसाकडूनच लावून घ्यावयाचे ठरले. मॅकॉन्कीची गोष्ट आमच्या मनात होती. उरलेल्या पैशांतून संदेशयंत्रे घेतली, आणि ती दोन. एकाचे दोन का, असे बंधूंनी विचारले. एकट्याच्या यंत्रास हुडकणार कोण, असे पुतणीने उत्तर दिले, दुसरे मैत्रिणीसाठी. शिवाय सळया, फावडी, आणि पुढील माघातील पहिले चार दिवस हिमप्रपाताच्या शिक्षणवर्गासाठी. म्हणजे बारांतले आठच दिवस स्कीस उरले. ती कुरकुरली नाही.

एक खर्च मात्र वाचला. सुटलेली स्की खोल बर्फात सापडावी म्हणून तिला दीड-दोन मीटरची भडक फीत बांधून घडी घालून ठेवतात; स्की आत गेली तरी फितीचे टोक हाती लागते. त्या फिती वहिनींनी आपल्या विरलेल्या नऊवारीच्या तांबड्या काठांतून कापून, दुमडून, हाताने शिवून दिल्या.

स्की आल्या त्या दिवशी आळीतील मंडळी पाहून गेली. कोणी म्हणाले इस्त्रीचा पाट, कोणी म्हणाले मयताची फळी. वहिनींच्या कानावर ते गेले नाही हे बरे. आता त्या ओटीवर भिंतीस टेकून उभ्या आहेत. संध्याकाळी मात्र निराळाच उद्योग चालतो. बंधू एक यंत्र सुरू करून, जुन्या डब्यात घालून, वाडीत केळीच्या वाळल्या पाल्याच्या ढिगाऱ्याखाली कोठेतरी पुरतात. पुतणी विहिरीपाशी पाठ करून उभी असते. मग दुसरे यंत्र हातात धरून ती धावत सुटते, बाणाकडे पाहत जागा हेरते, सळई खुपसते, फावडे मारते. वहिनी तुळशीपाशी घड्याळ घेऊन उभ्या असतात. पहिल्या दिवशी अकरा मिनिटे लागली. काल तिसऱ्या खेपेस साडेचार झाली, आणि डबा वर काढून ती घामाघूम होऊन हसली.

वहिनींनी घड्याळावरची नजर न काढता बंधूंस सांगितले, "अहो, आता जरा खोल पुरा."